लाकडावरचं इंजिन

आमचे वडील सांगायचे, दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशावर चालत. गाडीच्या पाठीमागं उंच टाकी, क्लीनर पंख्याचं हँडल फिरवून विस्तव फुलवायचा आणि चढ आला की पाशिंजरांनी उतरून ढकलायचं. आम्हा पोरांना ती थाप वाटायची.

थाप नव्हती. बंद टाकीत बेताचीच हवा देऊन लाकूड किंवा कोळसा धगधगत ठेवला, की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन हे जळणारे वायू निघतात. त्यावर इंजिन चालतं. युरोपात युद्धाच्या काळात लाखो गाड्या अशा पळाल्या. पुढं तेल मुबलक झालं आणि टाक्या भंगारात गेल्या.

तीच टाकी 1988 च्या सुमाराला सबसिडीत आमच्या विहिरीवर आली. आता तिचं नाव गॅसिफायर. पाच हॉर्सपॉवरचं इंजिन घरचंच होतं. ते आधी डिझेलवर चालू करायचं, मग गॅसचा कॉक हळूहळू उघडायचा. गव्हर्नर आपोआप डिझेल कमी करतो. दिवसाला पाच लिटर लागायचं, तिथं दीड लिटरवर भागलं. वडील दिवसभर टाकीपाशीच बसून होते.

साहेबांनी हिशेब सांगितला तो डिझेलचा. एक लिटर वाचवायला तीन-चार किलो वाळकं लाकूड लागतं आणि तेही बारीक खांडक्या करून, हे आम्हाला नंतर कळलं. म्हणजे रोज बारा-चौदा किलो बाभळ फोडायची. ती फोडली आईनं आणि आमच्या मंडळींनी. दोघींच्या तळहातांना फोड आले. बांधावरच्या सहा बाभळी दोन वर्षांत गेल्या. पावसाळ्यात लाकूड ओलं राहायचं, मग डांबरासारखा चिकटा वाल्व्हवर बसायचा आणि इंजिन खोलावं लागायचं.

एकदा पाऊस आला म्हणून आमच्या गड्यानं खोपीचं दार लावून घेतलं. आत पाइपाचा जोड गळत होता. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो. मी गेलो तेव्हा तो भिंतीला टेकून बसलेला, डोळे उघडे, पण बोलेना. ओढत बाहेर आणला. तासाभरानं शुद्धीवर आला. त्या रात्री मंडळी एवढंच म्हणाल्या, "पाण्यापायी माणूस घालवायचा का?" त्यानंतर टाकी पेटली नाही.

पण गॅस खोटा होता, असं मी म्हणणार नाही. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यातल्या होसहळ्ळीला बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेनं 1988 सालीच असं यंत्र बसवलं. लाकडासाठी गावाजवळ झाडंही लावली. त्यावर घरात दिवे लागले, पुढं पिण्याचं पाणी आणि पिठाची गिरणीही चालली. बिहारात तमकुहा गावी 2007 मध्ये भाताच्या तुसावर वीज झाली. तूस गिरणीतनंच बारीक होऊन येतं, कुणाला कुऱ्हाड घ्यावी लागत नाही.

आमच्याकडं पुढं विजेचं कनेक्शन आलं. वडील म्हणाले, "लाइट गेली की आठवेल." लाइट जातेच, अन् आठवतंही. परवा थोरला टाकी पुन्हा बसवायचं म्हणत होता. मी त्याला विचारलं, खांडक्या कोण करणार? तो घरात बघायला लागला.