टोचण्याआधीच प्लेग अंगात असला तर? भायखळा तुरुंग, 1897

2021 मध्ये आमच्या पुसेगावात लसीकरण सुरू झालं तेव्हा एक प्रश्न हमखास निघायचा: "अंगात कोरोना आधीच असला अन् वरून लस घेतली, तर?" हा प्रश्न अडाणीपणाचा समजू नका. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत मोठमोठे डॉक्टर यावरच अडले होते.

सप्टेंबर 1896 मध्ये डॉ. व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेग ओळखला. (प्लेग जिवाणूमुळे होतो, विषाणूमुळे नाही, पण आपला मुद्दा दोन्हींना लागू पडतो.) वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. साधारण निम्म्या कैद्यांनी लस घेतली. कैद्याची 'स्वेच्छा' कितपत खरी, हे आजच्या एथिक्स कमिटीने सगळ्यात आधी विचारलं असतं, पण ते असो.

आता अडचण बघा. लशीतले जंतू उष्णता देऊन मारलेले, त्यामुळे लशीने प्लेग होणं शक्य नव्हतं. पण जंतू अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत एक ते सात दिवस जातात. म्हणजे आज टोचून घेणाऱ्याला परवाच लागण झालेली असू शकते. त्यात लशीनेही ताप यायचा. मग संध्याकाळी अंग तापलं तर ते कशामुळे? आणि तो माणूस दगावला तर लोक बोट कुणाकडे दाखवणार?

हाफकिन यांनी टोचण्याच्या दिवशीच आजारी पडलेल्यांना हिशोबातून वेगळं काढलं. त्यानंतर न टोचलेल्यांत 12 जणांना प्लेग झाला, टोचलेल्यांत दोघांना, आणि ते दोघेही वाचले.

इथे थांबा, कारण संशोधनात उतरल्यावर तुम्हीही याच जागी घसरू शकता. सुरुवातीचे रुग्ण फक्त लसवाल्यांतून वगळले, तर पाणीसुद्धा गुणकारी लस ठरेल! मोजणी दोन्ही गटांत एकाच क्षणापासून सुरू व्हायला हवी. कोव्हॅक्सिनच्या तिसऱ्या टप्प्यातही मुख्य मोजणी दुसऱ्या डोसनंतर 14 दिवसांनी सुरू झाली, ती लस आणि प्लासिबो या दोन्ही गटांसाठी.

सुरक्षिततेची भीती मात्र वेगळी होती. भारतीय प्लेग आयोगाचे एक सदस्य ऑल्मरॉथ राइट यांनी टायफॉइडच्या लशीबद्दल म्हटलं, की टोचल्यावर काही काळ प्रतिकारशक्ती उलट घटते. मग साथ ऐन भरात असताना टोचायचंच कशाला? तर्क पटण्यासारखा होता, पण पुढच्या अनुभवात तो टिकला नाही. रेबीजची लस तर आपण कुत्रा चावल्यावरच घेतो.

मे 2021 मध्ये केंद्र सरकारने दोन गोष्टी एकत्रच सांगितल्या: कोरोनातून बरं झाल्यावर तीन महिने थांबा, आणि लस देण्याआधी प्रत्येकाची अँटिजेन टेस्ट करायची गरज नाही. लक्षणं नसलेल्या माणसाला रांगेतून परत पाठवायचं कारण उरलं नव्हतं.