ग्रंथपाल कोठून येतात?

वैद्याचा मुलगा वैद्य होतो, वकिलाच्या घरी वकिली चालत येते, सोनाराचे पोर भट्टीपाशीच लहानाचे मोठे होते. ग्रंथपालाचे तसे नाही. ग्रंथपालांची पिढीजात घराणी आम्ही तरी ऐकलेली नाहीत. आपल्या गावच्या वाचनालयात पुस्तके बदलून देणाऱ्या गृहस्थाला किंवा बाईला सहज विचारून पाहा. बहुधा दुसरेच काहीतरी होण्यासाठी घराबाहेर पडलेले ते माणूस असते. यावरून पुष्कळांची अशी समजूत होते की, ज्याला दुसरे काही जमले नाही तो ग्रंथपाल झाला. ही समजूत आपल्या समाजात खोल रुजलेली आहे, आणि वाचनालयाच्या चालकमंडळात ग्रंथपालाच्या पगाराचा प्रश्न निघतो तेव्हा ती न बोलता आपले काम करीत असते. तेव्हा ग्रंथपालनाच्या शाळेत आजवर कोण कोण शिकावयास आले आणि त्यांनी पुढे काय केले, याचा थोडा मागोवा घेणे उपयोगाचे होईल.

ग्रंथांची राखण ही गोष्ट फार जुनी आहे. मठांतून, मंदिरांतून, राजवाड्यांतून पोथ्या जपणारी माणसे आपल्याकडे होतीच; तंजावरच्या मराठे राजांचा सरस्वती महाल त्याची साक्ष देत आजही उभा आहे. परंतु ग्रंथपालन ही शाळेत बसून शिकण्याची विद्या आहे, ही कल्पना मात्र अलीकडची. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी कोलंबिया महाविद्यालयात मेल्व्हिल ड्यूई या ग्रंथपालाने ५ जानेवारी १८८७ रोजी या विद्येची पहिली शाळा उघडली. ग्रंथांच्या दशांश वर्गीकरणाची पद्धती १८७६ साली प्रसिद्ध करणारे ड्यूई ते हेच. पहिल्या वर्गात २० विद्यार्थी होते आणि त्यांपैकी १७ स्त्रिया होत्या. महाविद्यालयाच्या विश्वस्तांना हे रुचले नाही. पुरुषांच्या महाविद्यालयात स्त्रिया बसणार म्हणजे काय, असे म्हणून त्यांनी वर्गासाठी खोलीही नाकारली. ड्यूईंनी एक अडगळीची जागा झाडून-पुसून घेतली आणि शाळा चालू केली! पुढे दोनच वर्षांत, १८८९ साली, शाळेला कोलंबिया सोडून ऑल्बनी येथील राज्य ग्रंथालयाच्या आश्रयाला जावे लागले.

ज्यांच्यापायी हा वाद झाला त्या विद्यार्थिनी कोण होत्या? मेरी राइट प्लमर ही त्या पहिल्या वर्गातील एक. क्वेकर पंथाच्या घरातील ही मुलगी कविता करीत असे. तिने पुढे ब्रुकलिन येथील प्रॅट संस्थेत ग्रंथालय आणि ग्रंथपालांची शाळा या दोन्ही गोष्टी नावारूपास आणल्या, आणि १९१५ साली ती अमेरिकेच्या ग्रंथालय-संघाची अध्यक्ष झाली. कॅथरीन शार्प ही काही वर्षांनी ऑल्बनीस आली. त्यापूर्वी ती लॅटिन, फ्रेंच व जर्मन या भाषा शिकवीत होती. तिने १८९३ साली शिकागो येथे स्वतःची शाळा काढली. तीच शाळा १८९७ पासून इलिनॉय विद्यापीठाची झाली. जिला वर्गात बसावयास खोली मिळत नव्हती त्या पिढीने दहा वर्षांच्या आत इतरांसाठी वर्ग उघडले, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

एडवर्ड ख्रिस्तोफर विल्यम्स यांची हकीकतही सांगितली पाहिजे. क्लीव्हलंड शहरातील हा कृष्णवर्णीय तरुण जुन्या भाषांचा व्यासंगी होता. पदवी घेतल्यानंतर तो आपल्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करू लागला, तेथील ग्रंथपाल झाला, आणि मग रजा घेऊन ऑल्बनीच्या शाळेत गेला. दोन वर्षांचा अभ्यासक्रम त्याने एका वर्षात, १९०० साली पुरा केला. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांपैकी ग्रंथपालनाचे रीतसर शिक्षण घेतलेला पहिला माणूस म्हणून त्याचे नाव घेतात. पुढे हे विल्यम्स वॉशिंग्टनमध्ये एका शाळेचे मुख्याध्यापक झाले, १९१६ पासून हॉवर्ड विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि या सगळ्या व्यापातून त्यांनी कादंबरीही लिहिली.

ड्यूईंची बाजू सांगताना दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. स्त्रियांना दार उघडण्यात त्यांची उदारबुद्धी होती; पण स्त्रिया कमी पगारात काम करतात हा हिशेबही त्या काळच्या ग्रंथालयांच्या मनात होताच. शिवाय ड्यूईंनी चालविलेल्या एका क्लबात यहुदी लोकांना मज्जाव असे. त्यावरून १९०५ साली तक्रार झाली, त्यांना ताकीद मिळाली, आणि लवकरच त्यांना राज्याच्या ग्रंथपालपदावरून पायउतार व्हावे लागले. स्त्रियांशी त्यांचे वर्तन ठीक नव्हते असेही आक्षेप होते. २०१९ साली अमेरिकेच्या ग्रंथालय-संघाने आपल्या पदकावरील त्यांचे नाव काढून टाकण्याचा निर्णय घेतला. शाळा काढणाऱ्याचे मन त्याच्या शाळेइतके मोठे असतेच असे नाही. विद्यार्थ्यांनी मात्र ती शाळा तिच्या संस्थापकापेक्षा मोठी केली.

या शाळेचा धागा आपल्या मराठी इतिहासाशी येऊन मिळतो तो बडोद्यास. श्रीमंत सयाजीराव गायकवाड स्वतः कोणत्या वाटेने आले होते ते आपणांस ठाऊकच आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातला हा मुलगा १८७५ साली दत्तक होऊन बडोद्यास गेला, आणि त्यानंतरच त्याचे खरे शिक्षण सुरू झाले. या राजाने १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पण शाळेत शिकलेले अक्षर पुस्तकावाचून पुसून जाते, हे त्यांच्या लक्षात आले होते. अमेरिकेच्या प्रवासात त्यांची गाठ विल्यम बोर्डन या ग्रंथपालाशी पडली. हे बोर्डन ड्यूईंच्या शाळेत शिकविणाऱ्यांपैकी. महाराजांनी त्यांना १९१० साली बडोद्यास आणले, आणि दुसऱ्याच वर्षी, १९११ साली, तेथे ग्रंथपालांचा वर्ग सुरू झाला. हिंदुस्थानातील ग्रंथपालनाच्या शिक्षणाचा आरंभ तो हाच.

बोर्डन १९१३ साली परत गेले. पण त्यांनी घातलेली घडी मोडली नाही, कारण ती सांभाळणारी माणसे तयार झाली होती. त्यांच्यामागून राज्यातील ग्रंथालयांची सूत्रे हाती घेतली जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी. ते एम. ए. आणि एलएल. बी. होते, म्हणजे शिक्षणाने वकील. बडोद्याच्या या चळवळीचा इतिहास त्यांनी १९१९ साली इंग्रजीत ग्रंथरूपाने लिहून ठेवला. त्याच खात्यात मोतीभाई अमीन होते. ते मूळचे शाळामास्तर. खेडोपाडी मित्रमंडळे जमवून वाचनालये काढण्याचा त्यांचा उद्योग बोर्डन येण्यापूर्वीपासूनच चालू होता. वकिलाने नियम, अनुदान आणि हिशेब यांची चौकट बसविली. शाळामास्तराने गावकऱ्यांना हाताशी धरले. खर्चाचा एक हिस्सा गावाने उभारावा, एक प्रांताच्या पंचायतीने द्यावा आणि एक सरकारने घालावा, अशी ती व्यवस्था होती. पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत. १९१२ साली निघालेले ‘लायब्ररी मिसलेनी’ हे या खात्याचे त्रैमासिक इंग्रजीबरोबर गुजराती व मराठी या भाषांतही मजकूर देत असे.

बडोद्यापाठोपाठ लाहोर. तेथे पंजाब विद्यापीठाने १९१५ साली एसा डॉन डिकिन्सन या ड्यूईंच्या शिष्याला बोलावून वर्ग चालविला. त्या वर्गातून खलिफा महंमद असदुल्ला बाहेर पडले. ते १९३० साली कलकत्त्याच्या इंपीरियल लायब्ररीचे ग्रंथपाल झाले, १९३३ साली स्थापन झालेल्या भारतीय ग्रंथालय-संघाचे चिटणीस झाले, आणि १९३५ पासून त्यांनी कलकत्त्यास स्वतः वर्ग घेतले. आज ज्याला आपण राष्ट्रीय ग्रंथालय म्हणतो ते हेच इंपीरियल लायब्ररीचे ग्रंथालय. एका वर्गातील विद्यार्थी दुसऱ्या प्रांतात जाऊन गुरू होतो, हा या विद्येचा क्रमच दिसतो.

आता या परंपरेतील सर्वांत थोर विद्यार्थ्याकडे वळू. शियाळी रामामृत रंगनाथन हे मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवीत. जानेवारी १९२४ मध्ये ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, ते काही ओढीने नव्हे. पहिल्या काही दिवसांतच त्या सुनसान जागेचा त्यांना असा कंटाळा आला की, मला परत माझ्या वर्गात घ्या, म्हणून ते आपल्या प्राचार्यांकडे गेले. तुम्ही विलायतेस शिकावयास जाणार आहात ते आधी जाऊन या, मग पाहू, असे त्यांना सांगण्यात आले. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी हा गणिताचा प्राध्यापक लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पुन्हा विद्यार्थी होऊन बसला. बर्विक सेअर्स हे त्यांचे गुरू. क्रॉयडन येथील त्यांच्या सार्वजनिक ग्रंथालयात रंगनाथनांनी प्रत्यक्ष कामही पाहिले. मजुरापासून मुलापर्यंत सर्वांना पुस्तक मिळते हे तेथे दिसल्यावर त्यांचे मन पालटले.

या मनात गणित होतेच. लंडनमधील एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो नावाचे खेळणे पाहिले. त्याच पट्ट्या, तेच स्क्रू. त्यांतून गाडीही होते आणि पूलही होतो. रंगनाथनांना वाटले, वर्गीकरण असेच का असू नये? ड्यूईंच्या पद्धतीत प्रत्येक विषयाला तयार कप्पा असतो, आणि कप्प्यात न बसणारा विषय आला म्हणजे अडचण होते. उसावरील रोगाच्या उपायांचे पुस्तक घ्या. शेती हा विषय, ऊस हे पीक, रोग ही त्यातील समस्या आणि उपाय ही त्यावरील क्रिया. हे तुकडे वेगवेगळे ठेवून पुस्तक येईल तसे ते जोडावयाचे, आणि जोडासाठी द्विबिंदूचे चिन्ह घालावयाचे, ही त्यांची युक्ती. परतीच्या प्रवासात बोटीवरच्या ग्रंथसंग्रहावर त्यांनी ती ताडून पाहिली, आणि १९३३ साली ‘कोलन’ अर्थात द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले होते. मोजक्या गृहीततत्त्वांवरून सगळे शास्त्र उभारावयाचे, ही भूमितीचीच रीत. गणित सोडून ते ग्रंथालयात आले असे लोक म्हणत. आम्हांला वाटते, ते गणित बरोबर घेऊन आले.

रंगनाथनांनी १९२९ साली मद्रासेस शाळा काढली, पुढे बनारस व दिल्ली येथे शिकविले, आणि १९६२ साली बंगलोरला प्रलेखनाचे, म्हणजे शास्त्रीय लेखांची व माहितीची नोंद व शोध यांचे, शिक्षण देणारी संस्था उभी केली. त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी डी. बी. कृष्णराव यांना दिल्ली विद्यापीठाने ग्रंथालयशास्त्रातील देशातील पहिली डॉक्टरेट दिली. तीही १९५० नंतरच्या दशकात, जेव्हा या विषयात संशोधन करण्यासारखे काय आहे असे विचारले जात होते. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता शेतीविषयक ग्रंथांचे सूक्ष्म वर्गीकरण. उसाचा दाखला आम्ही वर दिला तो उगाच नव्हे.

आपल्या महाराष्ट्रातही हा ओघ आला. १९४० नंतरच्या दशकात मुंबई विद्यापीठाने पदविकेचा अभ्यासक्रम सुरू केला. १९६१ साली श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाने ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण हाती घेतले. न्यूयॉर्कमध्ये १७ स्त्रियांसाठी एक खोली मिळेना. चौऱ्याहत्तर वर्षांनी आपल्याकडे स्त्रियांच्या विद्यापीठाने त्या विद्येसाठी स्वतःची शाळा उघडली. १९६७ साली महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला, आणि गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाचा आधार मिळाला.

आज ग्रंथालयशास्त्राच्या पदवीवर्गात कोणत्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश असतो. इतर विद्यांच्या दारावर पाटी असते की, अमुक विषय घेतला असेल तरच आत या. येथे मराठीची पदवीधर, रसायनाचा पदवीधर, वाणिज्य शाखेचा मुलगा आणि लग्नानंतर दहा वर्षांनी पुन्हा वही उघडणारी गृहिणी एका बाकावर बसतात. याचे कारण साधे आहे. ग्रंथालयाच्या फळीवर सगळ्याच विषयांची पुस्तके येतात आणि दारात सगळ्याच तऱ्हेचे वाचक येतात. रसायनवाल्याला परीक्षेच्या तयारीला लागलेल्या मुलाची नड कळते. मराठीवालीला जुन्या मासिकांच्या अंकांची किंमत कळते. वाणिज्यवाल्याला जमाखर्च कळतो. आणि दुपारी तीन वाजता वाचनालयात कोणत्या बायका येऊ शकतात व कोणत्या येऊ शकत नाहीत, हे त्या गृहिणीइतके कोणास कळणार? शाळा त्यांना वर्गीकरण, सूची आणि संगणकावरील नोंदी शिकविते. बाकीचे ते घरून आणतात.

हे सर्व आठवण्याचे प्रयोजन आहे. आपल्या राज्यात दहा हजारांहून अधिक सार्वजनिक ग्रंथालये आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य लहान गावांतून आहेत. तेथील ग्रंथपालाचे वेतन त्या तुटपुंज्या अनुदानातूनच भागवावे लागते. कित्येक ठिकाणी ते एखाद्या दुकानातील नोकराच्या पगाराएवढेही होत नाही. शिकलेले तरुण त्यामुळे चार दिवस थांबतात आणि निघून जातात. मग आपण म्हणतो, चांगला ग्रंथपाल मिळत नाही! रंगनाथन परत जावयास निघाले होते तेव्हा त्यांना थांबविणारे आणि शिकावयास पाठविणारे कोणी तरी होते. बोर्डन गेल्यावर कुडाळकरांच्या मागे एक राज्य उभे होते. आपल्या वाचनालयाच्या ग्रंथपालामागे आपल्यावाचून दुसरे कोण आहे?

येथे जमलेल्यांपैकी पुष्कळ जण कोणत्या ना कोणत्या वाचनालयाचे सभासद आहात, काही चालकमंडळावरही आहात. येत्या वार्षिक सभेत ग्रंथपालाच्या वेतनासाठी वर्गणीतून किंवा देणग्यांतून स्वतंत्र तरतूद करण्याचा ठराव आणता येईल. त्याला किंवा तिला प्रशिक्षणासाठी पगारी रजा देता येईल. आणि हे काहीच शक्य नसले तरी पुस्तक बदलताना, आपण पूर्वी काय शिकलात, असे एकदा विचारता येईल. उत्तर मिळेल त्या विषयाचे एक कपाट त्यांच्या निवडीवर सोपवून पाहा. वर्षभरात त्या कपाटासमोर वाचक उभे राहू लागतात की नाही, ते मग सर्वांनाच दिसेल.