एकट्या जिवासाठी किती रांधायचे?

आमच्या वाड्यावर एक म्हातारी आहे. राजांगण असलेले मोठे घर, मुलगे दोन, पैकी एक मुंबईला आणि एक आखातात. पैशांची ददात नाही. सकाळी अकराच्या सुमारास ती उकड्या तांदळाची पेज घेते, सोबत चेपणीचा तोर. रात्री उरलेलीच पेज. जेवण का करत नाही म्हणून विचारले, तर म्हणते, "एकट्या जिवासाठी किती रांधायचे रे बाबा?" हीच म्हातारी देवळात समाराधना असली की पंगतीत पोटभर जेवते आणि खीर मागून घेते. पोट तेच असते, फक्त डावी-उजवीकडे कोणीतरी बसलेले असते.

उतारवयात माणूस कोणाबरोबर जेवतो, या गोष्टीला इतिहासात जागा नसते. लढाया, तह आणि वारसा यांच्या नोंदी राहतात, ताटाच्या नोंदी राहत नाहीत. पण एका शहराच्या इतिहासात हे ताट मला सारखे दिसत राहते. ते शहर म्हणजे भोपाळ. मराठी माणसाला भोपाळ दोन कारणांनी ठाऊक असते. एक म्हणजे १७३७ सालची बाजीरावाची निजामाशी झालेली लढाई, आणि दुसरे १९८४ सालचा विषारी वायू. या दोहोंच्या मध्ये १८१९ ते १९२६ अशी शंभरावर वर्षे तिथे एकामागून एक चार बायकांनी राज्य केले, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. कुदसिया, सिकंदर, शाहजहान आणि सुलतानजहान. आई, लेक, नात आणि पणती.

पहिली कुदसिया बेगम. १८१९ साली नवरा नजर मुहम्मद खान पिस्तुलाची गोळी लागून गेला तेव्हा तिचे वय विशीच्या आसपास होते आणि पदरी तान्ही मुलगी होती. ती कुदसिया १८८१ पर्यंत जगली. म्हणजे बासष्ट वर्षांचे वैधव्य. मुलगी सिकंदर १८६८ मध्ये तिच्या डोळ्यांदेखत गेली आणि त्यानंतरही म्हातारीने तेरा वर्षे काढली. आपल्याकडे त्याच काळात विधवेचे काय चालले होते ते आठवून पाहावे. गोव्यातल्या आणि कोकणातल्या ब्राह्मण घरांत आलवणातली आजी भरल्या घरात एकटी जेवायची. तिची चूल वेगळी, भांडी वेगळी आणि जेवण एकभुक्त. घरात वीस पाने वाढली जायची, त्यात तिचे नसायचे. तिचे एकटेपण रीतीने ठरवून दिलेले होते. कुदसियावर अशी रीत नव्हती. नवरा गेल्यावर ती मसनदीवर बसली आणि दरबार भरवू लागली. भोपाळच्या तलावाकाठचा गोहर महाल तिचाच.

ही रीत नसली की एकटेपण टळते, असे मात्र नाही. ते तिसऱ्या बेगमेकडे पाहिले की कळते.

शाहजहान बेगम १८६७ मध्ये विधवा झाली. तिच्या धर्मात पुनर्विवाहाला आडकाठी नव्हती. १८७१ मध्ये तिने सिद्दीक हसन खान या विद्वानाशी लग्न केले. दरबारात नोकरीला लागून वर चढलेला हा माणूस. त्याला पहिल्या लग्नाची मुले होती. या लग्नानंतर बेगम पडद्यात गेली. आई सिकंदरने तिला पडद्याविना वाढवले होते, घोड्यावर बसवले होते. तिने स्वतःहून पडदा घेतला. पडदा म्हणजे नुसते तोंडावरचे कापड नव्हे. आपल्यासमोर कोण बसू शकेल आणि कोण नाही, हेही त्याने ठरते. दस्तरखान म्हणजे जेवणासाठी जमिनीवर अंथरलेले कापड. त्याच्याभोवती बसणाऱ्यांची यादी पडद्याबरोबर आपोआप आखडते.

मुलीचे, सुलतानजहानचे, आईच्या या नव्या नवऱ्याशी पटले नाही. त्यात १८७५ मध्ये सुलतानजहानला पहिली मुलगी झाली, बिलकीस. शाहजहानने ही नात आपल्याकडे वाढवायला घेतली. आजीने नात मागून घ्यावी हे आपल्याकडेही होते. मोठ्या घरातल्या एकट्या बाईला सकाळी उठल्यावर कोणाच्या तरी तोंडात घास घालायचा असतो. पण इथे नात दोन घरांच्या मधोमध सापडली. १८८७ च्या सुमारास, बारा वर्षांची असताना, बिलकीस गेली. आजीने तिच्या मृत्यूचा दोष मुलीला दिला. त्यानंतर आई आणि मुलगी एकाच शहरात राहून तेरा वर्षे एकमेकींशी बोलल्या नाहीत. १८९० मध्ये सिद्दीक हसनही गेला. भांडणाचे कारण मानला गेलेला माणूस गेला, पण भांडण उरले. आपल्या गावांतल्या भाऊबंदकीत असेच घडते. ज्या माडावरून वाद सुरू झाला तो माड वादळात पडतो आणि कोर्टात तारखा चालूच राहतात.

याच शाहजहान बेगमेने याच काळात, १८८९ मध्ये, 'तहजीब-उन-निस्वान' हा बायकांसाठीचा ग्रंथ प्रसिद्ध केला. बाळंतपण, आजारपण, मुलांचे संगोपन, कपडालत्ता, स्वयंपाक अशा सगळ्या घरगुती गोष्टी त्यात आहेत. घर कसे चालवावे हे सांगणारे एवढे मोठे पुस्तक लिहिणारी बाई आपल्या एकुलत्या हयात मुलीला जेवायला बोलावू शकत नव्हती. मी हे उपरोधाने लिहीत नाही. जी गोष्ट हातून निसटली तिच्याबद्दलच माणूस बहुधा सविस्तर लिहितो.

बेगमेने जुन्या शहराच्या तटाबाहेर शाहजहानाबाद वसवले आणि तिथे स्वतःसाठी महाल बांधला. त्याचेही नाव ताजमहाल. १८७१ मध्ये काम सुरू झाले आणि १८८४ पर्यंत चालले. आत १२० खोल्या असल्याचे सांगतात. जवळच ताज-उल-मसाजिद ही प्रचंड मशीद तिने सुरू केली. ती तिच्या हयातीत पुरी झाली नाही. काम १९७१ मध्ये पुन्हा हाती घेण्यात आले आणि १९८५ मध्ये पुरे झाले. एवढ्या मोठ्या वास्तूंच्या मधोमध बसलेल्या साठीतल्या बाईचे संध्याकाळचे जेवण कसे होत असेल? वाढणाऱ्या दासी असतील, पदार्थांची कमी नसेल. पण राज्यकर्तीच्या शेजारी बरोबरीने बसणारे माणूस मुळातच कमी असते. बरोबरीची माणसे रक्ताचीच असतात, आणि त्यातले जे एक उरले होते ते काही मोहल्ले पलीकडे वेगळ्या दस्तरखानावर जेवत होते.

१९०० मध्ये शाहजहान बेगमला तोंडाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. ज्या तोंडाने मुलीशी अबोला धरला ते तोंड आता अन्नालाही पारखे होऊ लागले, असे कोणी कीर्तनकार म्हणेल. मला तसे म्हणवत नाही. आजार हा आजार असतो, ती शिक्षा नसते. आजारपणात तिने प्रजेला उद्देशून जाहीर निवेदन काढले, की माझ्याकडून कोणावर अन्याय झाला असेल तर मला क्षमा करावी. सगळ्या भोपाळची क्षमा मागून झाली. मग सुलतानजहान आईला भेटायला गेली. आईने तिला क्षमा केली नाही. जून १९०१ मध्ये शाहजहान बेगम वारली आणि मुलगी गादीवर आली. पुढच्या जानेवारीत सुलतानजहानचा नवराही गेला. आपल्या आत्मचरित्रात सुलतानजहानने आईपासून तुटल्याच्या या वर्षांचे दुःख लिहून ठेवले आहे.

या सुलतानजहानने पुढे काय केले ते पाहण्यासारखे आहे. १९०९ मध्ये तिने भोपाळमध्ये बायकांसाठी क्लब काढला. पडद्यातल्या बायकांना आपल्या नातेवाइकांपलीकडच्या बायकांबरोबर बसता यावे, बोलता यावे, चहा-फराळ घेता यावा, अशी ती जागा होती. पुरुषांना अशी जागा शोधावी लागत नव्हती. जुन्या भोपाळमध्ये दुकानांपुढे दगडी पटिये असतात. रात्रीची जेवणे झाली की म्हातारे-तरणे त्यावर येऊन बसतात आणि मिठाच्या चहावर गप्पा मारतात. 'पटियेबाजी' हा शब्दच तिथे आहे. घरी एकट्याने जेवलेला म्हातारा निदान चहा तरी चारचौघांत पितो. बाईला पटिया नव्हता. १९१३ मध्ये धाकट्या मुलाला मुलगी झाली, आबिदा, आणि सुलतानजहानने ही नात आपल्याकडे वाढवायला घेतली. म्हणजे आईने जे केले तेच. पण यावेळी घर मोडले नाही. १९२४ मध्ये दोन थोरले मुलगे एकाच वर्षात गेले, तेव्हा तिच्याभोवती धाकटा मुलगा आणि नाती होत्या. १९२६ मध्ये तिने त्या मुलासाठी गादी सोडली आणि १९३० मध्ये ती वारली.

शाहजहानच्या ताजमहालाचे पुढे काय झाले? फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथे जागा देण्यात आली. एका बेगमेच्या खोल्यांतून कित्येक कुटुंबांच्या चुली पेटल्या. काही वर्षांनी ती माणसे बैरागढला गेली आणि महाल पुन्हा ओस पडला.

मग २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र आली. शहराच्या ५६ पैकी ३६ वॉर्ड पुढे वायुबाधित ठरवले गेले. मृतांचा सरकारी आकडा आधी २,२५९ होता, नंतर ३,७८७ झाला, आणि खरा आकडा त्याहून बराच मोठा असल्याचे लोक सांगतात. आकड्यांचा वाद चालत राहिला, पण तेवढ्या घरांत दुसऱ्या दिवशीपासून कमी ताटे लागली हे वादातीत आहे. ज्या बायकांचे नवरे गेले त्यांच्यासाठी करोंद भागात सुमारे अडीच हजार घरांची वसाहत बांधली गेली. तिचे नाव जीवन ज्योती कॉलनी. लोक मात्र तिला 'विधवा कॉलनी' म्हणू लागले. पत्ता सांगताना आपले वैधव्यही सांगावे लागावे, हे त्या बायकांना आवडले नाही, आणि कोणालाच आवडणार नाही. त्या रात्री तिशीत असलेली बाई आज सत्तरीत आहे. काहींचे मुलगे आजारी पडून गेले, काही कामधंद्यासाठी दूर गेले. निवृत्तिवेतन दरमहा १,००० रुपये. म्हणजे दिवसाला ३३ रुपये. त्यातून औषधे, वीज आणि मग धान्य. २०१९ च्या अखेरीस तेही थांबले आणि डिसेंबर २०२० मध्ये ते पुन्हा सुरू करण्याची घोषणा झाली. ३३ रुपयांत एकट्या जिवासाठी किती रांधायचे, हा प्रश्न तिथे वेगळ्याच अर्थाने उभा राहतो. आमच्या वाड्यावरच्या म्हातारीला रांधायचा कंटाळा येतो. तिथे गॅस पेटवण्याआधी हिशेब करावा लागतो, कारण एका माणसाची डाळ शिजायला जवळजवळ चौघांच्या डाळीएवढाच गॅस लागतो. एकटे जेवण महागही पडते.

पण याच बायकांनी एक गोष्ट केली. अब्दुल जब्बार यांच्या भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संघटनेच्या बायका वर्षानुवर्षे दर शनिवारी एका बागेत जमत राहिल्या. हिंदू आणि मुसलमान, बुरख्यातल्या आणि पदर घेतलेल्या. नुकसानभरपाई, दवाखाने, खटले यांवर बोलणे व्हायचे. खैरात नको, रोजगार हवा, ही त्यांची घोषणा. जब्बार नोव्हेंबर २०१९ मध्ये गेले आणि २०२० मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. या सभांचा इतिहास आंदोलनाचा इतिहास म्हणून लिहिला जातो, आणि ते बरोबरच आहे. मला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते. आठवडाभर एकट्याने घास गिळणाऱ्या बाईला शनिवारी जायला एक जागा होती, आणि ती आली नाही तर तिची चौकशी करणारे कोणीतरी होते.

त्या बागेचे नाव यादगार-ए-शाहजहानी. मुलीला दस्तरखानावर बोलावू न शकलेल्या त्याच बेगमेच्या आठवणीची ती बाग. नाव देणाऱ्यांच्या मनात असे काही नव्हते, हे उघड आहे. तरीही भोपाळच्या नकाशावर ही दोन एकटेपणे एकाच ठिकाणी येऊन बसली आहेत, आणि महालाला जे जमले नाही ते बागेतल्या गवताला जमले.

परवा देवळात समाराधना होती. वाड्यावरच्या म्हातारीला मी विचारले, पुढची समाराधना तर दोन महिन्यांनी, मग तोपर्यंत काय? ती म्हणाली, "तोपर्यंत पेज." मी घरी येऊन हे सांगितले, तेव्हापासून रविवारचे एक पान आमच्याकडे जास्त वाढले जाते. ती येते, लोणचे आणते आणि आमटीत मीठ कमी आहे म्हणून सांगते. गेल्या रविवारी तिने भात दोनदा घेतला.