मनीऑर्डरची पोचपावती : कोकणातल्या म्हाताऱ्यांचा जुना आधार

आजचा भाग एका कागदाबद्दल आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो कधी हातातही घेतला नसेल.

आज तुम्ही गावी पैसे कसे पाठवता? फोन काढला, पिन टाकला, झालं काम. पण शंभर वर्षांहून जास्त काळ मुंबईचा पैसा कोकणात जायचा तो मनीऑर्डरने. आणि त्या मनीऑर्डरबरोबर आणखीही काहीतरी जायचं. आज ते कुठे हरवलं, हे आपल्याला बघायचंय.

आधी थोडी पार्श्वभूमी. १८५० च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या सुरू झाल्या. रत्नागिरी जिल्ह्यात, म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यात धरा, जमीन डोंगराळ, शेतीचे तुकडे छोटे आणि भात पावसावर. त्यामुळे तरणी माणसं गिरणीत गेली. त्यांनाच आपण चाकरमानी म्हणतो. परळ-लालबागच्या एकेका खोलीत गावची दहा-पंधरा माणसं दाटीवाटीने राहायची आणि खानावळीत जेवायची. अशा खोलीत आईवडिलांना आणणार कुठे? म्हातारी माणसं गावीच राहिली.

१८८० मध्ये मनीऑर्डरचं काम टपाल खात्याकडे आलं आणि गिरणीतला पगार थेट वाडीपर्यंत पोचायला लागला. लोक म्हणायला लागले, कोकण मनीऑर्डरवर चालतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. ही मनीऑर्डर म्हणजे मुलाने केलेले उपकार नव्हते. गावी म्हातारी माणसं शेत सांभाळायची, नातवंडं वाढवायची. गिरणीत आजारी पडलेला माणूस परत यायचा तो त्यांच्याच दारात. आणि चाकरमानी स्वतः थकला की त्याचंही म्हातारपण गावीच जायचं. म्हणजे मुंबईच्या कामगाराच्या म्हातारपणाचा बराचसा भार गाव उचलत होतं. मनीऑर्डर हा त्या व्यवहाराचा एक भाग होता.

आता तो कागद. मनीऑर्डरच्या फॉर्मला पैशांच्या तपशिलाबरोबर आणखी दोन भाग असायचे. एका चिठोऱ्यावर चार ओळींचा निरोप लिहिता यायचा: "तब्येत बरी आहे, गणपतीला येतो." दुसरा भाग पोचपावतीचा.

पोस्टमन पाखाडी चढून खळ्यात यायचा. पैसे मोजून द्यायचा. म्हातारीला वाचता येत नसेल तर निरोप वाचून दाखवायचा, कधी उत्तराचं कार्डही लिहून द्यायचा. मग पोचपावतीवर तिची सही, नाहीतर शाईचा अंगठा आणि शेजारच्या कोणाची तरी साक्ष. ती पोचपावती उलट मुंबईला जायची. मुलाच्या हातात पडली की त्याला कळायचं, पैसे मिळाले. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आई आहे. सरकारी भाषेत ज्याला हयातीचा दाखला म्हणतात ना, तो असा दर महिन्याला घरपोच मिळायचा.

म्हणजे एका फेरीत तीन कामं व्हायची. पैसे पोचायचे, खबरबात पोचायची आणि एक माणूस दारात येऊन म्हाताऱ्या माणसाला डोळ्यांनी बघून जायचा.

सगळं छान होतं असं मुळीच नाही. शंभर रुपयांमागे पाच रुपये कमिशन जायचं. पावसाळ्यात मनीऑर्डर रखडायची. आणि जिचा मुंबईत कोणी नव्हता, किंवा असून विसरला होता, तिच्या दारात पोस्टमन थांबतच नसे.

मग १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कित्येक जणांची नोकरी कायमची गेली. आपण गिरणगावाचं नुकसान मोजतो, पण त्याच महिन्यांत कोकणातल्या कितीतरी पडव्यांत म्हातारी माणसं न येणाऱ्या मनीऑर्डरची वाट बघत होती.

सरकारी मदत होती का? होती, पण तुटपुंजी. महाराष्ट्रात १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. केंद्राची वृद्धापकाळ पेन्शन १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली, तीही ६५ वर्षांवरच्या निराधारांसाठी, महिना ७५ रुपये. आज ६० ते ७९ वयाच्या पात्र माणसासाठी केंद्राचा वाटा २०० रुपये आहे. वरची भर राज्य घालतं.

पुढे हे पैसे बँक खात्यात जमा व्हायला लागले. मधला माणूस गेला, गळती कमी झाली, हे चांगलंच. पण बँक तालुक्याला आणि एसटी दिवसातून दोनदा. आधी पैसा म्हातारीकडे जायचा, आता म्हातारी पैशाकडे जायला लागली. त्यात आधारचं मशीन. जन्मभर भात लावून बोटांच्या रेषा झिजलेल्या. शाईचा अंगठा कागदावर उठायचा, मशीनवर मात्र उमटत नाही.

गंमत म्हणजे यावरचा एक उपाय पुन्हा पोस्टमनकडेच आलाय. १ सप्टेंबर २०१८ ला इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक सुरू झाली. आता पोस्टमन मोबाइल आणि यंत्र घेऊन घरी येऊ शकतो, आधारला जोडलेल्या खात्यातून रोख देऊ शकतो आणि पेन्शनरचा डिजिटल हयातीचा दाखलाही काढू शकतो. अंगठा उमटत नसेल तर चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोयही २०२१ पासून आहे. पण ही सेवा मागावी लागते, आणि ती मागायची असते हे गावातल्या आजीला कोण सांगणार?

तर मंडळी, हे काम आपलं. गावच्या शाखा डाकघरात एक फोन करा, घरपोच सेवेबद्दल विचारा. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आजी-आजोबांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या. आणि तुमचं मुंबईतलं ग्रामस्थ मंडळ असेलच. पालखी आणि क्रिकेटच्या वर्गणीबरोबर एवढंही ठरवा, की वाडीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे आठवड्यातून एकदा कोण जाऊन येणार. ज्यांचं मुंबईत कोणी नाही, त्यांच्याकडे आधी.

पैसे पाठवायला आता दोन सेकंद लागतात. पोचपावती मात्र कोणीतरी दारात गेल्याशिवाय मिळत नाही.

तुमच्या घरात जुनी मनीऑर्डरची पावती सापडली, तर ती कोणाची होती हे घरच्यांना नक्की विचारा. भेटू पुढच्या भागात!