पुडी, पुडा आणि पाकीट : खाऊच्या वेष्टनाचा सामाजिक इतिहास

१.

खाद्यसंस्कृतीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष पदार्थाकडे, त्याच्या घटकांकडे आणि चवीकडे जाते. पदार्थ ज्यात बांधून दिला जातो त्या वेष्टनाची दखल क्वचितच घेतली जाते. भारतीय भाषांनी मात्र ही दखल फार पूर्वी घेतलेली आहे. संस्कृत 'पुट' म्हणजे घडी, दुमड, पानाचा केलेला खोलगा. मराठीतील 'पुडा', 'पुडी', 'पुडके' आणि हिंदीतील 'पुड़िया' ही याच कुळातील रूपे होत. 'द्रोण' हा शब्द त्याहूनही बोलका आहे. संस्कृतात तो लाकडी पात्राचा वाचक आहे, तसाच धान्य मोजण्याच्या मापाचाही. मराठीत तो पानाच्या वाटीपुरता उरला, हिंदीत त्याचा 'दोना' झाला. भांडे आणि माप या दोन्ही कल्पना मुळात एकाच शब्दात नांदत होत्या, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

बंगालमध्ये झालमुडी ज्यात मिळते तो जुन्या कागदाचा 'ठोंगा', गुजरातीतील 'पडीकुं', तमिळमधील 'पोट्टलम्' आणि कन्नडमधील 'पोट्टण' हे शब्द शेजारी ठेवले की एक साम्य जाणवते. दुमडणे, वळणे, बांधणे अशी हाताची क्रिया त्या सर्वांच्या मागे उभी आहे. या वेष्टनावर मजकूर असलाच तर तो कालच्या वर्तमानपत्राचा. पदार्थाशी त्याचा संबंध नसे.

या व्यवहारात किंमत आणि परिमाण गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत ठरत. फुटाणेवाला चिपट्या-मापट्याने मोजून देई आणि गिऱ्हाईक वर आणखी मूठभर मागे. या वाढीव मुठीला हिंदीत 'घलुआ', बंगालीत 'फाउ', तेलुगूत 'कोसरु' आणि तमिळमध्ये 'कोसुरु' अशी नावे आहेत. इतक्या भाषांनी तिला स्वतंत्र शब्द द्यावा, यावरूनच तिचे सामाजिक मोल ध्यानात येते. ग्राहकाची प्रतिक्रिया तेव्हा व्यवहारातच सामावलेली होती. ती नंतर कोणी गोळा करण्याची गरज नव्हती.

२.

बंद पुड्याने हा संवाद संपुष्टात आणला. विलेपार्ले येथे १९२९ मध्ये सुरू झालेल्या पार्ले कंपनीने १९३९ च्या सुमारास बिस्किटांचे उत्पादन हाती घेतले. मेणकागदात गुंडाळलेला बिस्किटांचा पुडा पुढे देशभर पोहोचला. मराठीने त्यासाठी नवा शब्द घडविला नाही. जुना 'पुडा'च नव्या वस्तूला लावला. वस्तू मात्र बदललेली होती. तिच्यात हात घालता येत नव्हता आणि तिच्यावर मजकूर छापलेला होता. १९७७ च्या वेष्टित वस्तूंविषयीच्या नियमांनी वजन, किंमत, उत्पादकाचे नाव आणि महिना छापणे बंधनकारक केले. मापाची साक्ष डोळ्यांकडून अक्षरांकडे गेली. ज्याला वाचता येत नव्हते त्याच्यापुरता हा हक्क कागदावरच राहिला.

१९९१ नंतरच्या आर्थिक धोरणाने या प्रवासाला वेग दिला. लेज चिप्स १९९५ मध्ये आणि कुरकुरे १९९९ मध्ये भारतीय बाजारात आले. यासाठी लागणारी लहान पुडीची कल्पना देशातच रुजलेली होती. तामिळनाडूतील कडलूरचे चिन्नी कृष्णन यांनी शाम्पूसारखी वस्तू छोट्या प्लॅस्टिक पुडीतून गरीब ग्राहकापर्यंत नेण्याचा मार्ग आधीच दाखविला होता. त्यातून खाऊच्या बाजारात एका नाण्याची किंमत स्थिरावली. ५ रुपयांचे पाकीट हे मुलाच्या मुठीतील नाण्याशी जुळणारे माप ठरले.

या आकड्याविषयी ग्राहक किती जागरूक असतो, याचे उदाहरण पार्ले-जी या बिस्किटाने घालून दिले. त्याच्या लहान पुड्याची किंमत दीर्घकाळ ४ रुपयांवर स्थिर होती. ती पन्नास पैशांनी वाढविण्याचा प्रयत्न झाला तेव्हा खप घसरला आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. नंतरच्या वर्षांत किंमत राहिली आणि पुड्याचे वजन उतरत गेले. आकड्यातील वाढ ग्राहकाने नाकारली. ग्रॅमांतील घट मात्र त्याने फारशी तक्रार न करता स्वीकारली. हाच कल अगदी अलीकडेही दिसून आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून आणि भुजिया-नमकीनवरील १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा अनेक उत्पादकांनी ५ आणि १० रुपयांचे आकडे तसेच ठेवून वजन वाढविण्याची भूमिका मांडली.

या स्थैर्याची एक बाजू सहसा दुर्लक्षित राहते. वेष्टन वजनाच्या प्रमाणात लहान होत नाही. पाकीट जितके छोटे, तितका दर ग्रॅम पदार्थामागे लागणारा वेष्टनाचा वाटा मोठा. किंमत न वाढविण्याची जी सवलत ग्राहकाने मिळविली, तिची भरपाई अशा रीतीने अंशतः गटाराने, नदीने आणि डोंगरउताराने केली. 'कोसुरु'ही परत आला, पण 'वीस टक्के अधिक' अशा छापील अक्षरांत. तो मागून मिळणारा राहिला नाही.

३.

वेष्टनाविषयीचा असंतोष अन्यत्र अधिक ठसठशीतपणे प्रकट झाला. चिप्स कुरकुरीत राहावेत आणि चुरू नयेत म्हणून पाकिटात नायट्रोजन भरला जातो. ग्राहकाला ती निव्वळ हवा वाटते. दक्षिण कोरियात 'नायट्रोजन विकत घ्या, खाऊ फुकट मिळवा' या आशयाचा विनोद रूढ झाला. सप्टेंबर २०१४ मध्ये सोल येथील विद्यार्थ्यांनी सुमारे १६० बंद पाकिटांचा तराफा बांधून हान नदी ओलांडली. येथे टीकेसाठी वेगळे शब्द लागले नाहीत. वस्तूचाच तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापर झाला.

अमेरिकेतील सनचिप्सचे प्रकरण याच्या उलट दिशेचे आहे. वनस्पतिजन्य द्रव्यापासून तयार केलेले, खतात विरघळू शकणारे पाकीट २०१० मध्ये तेथील बाजारात आले. पर्यावरणाच्या दृष्टीने ग्राहकाने ज्याचे स्वागत करावे, असेच ते होते. परंतु ते हाताळताना इतका कर्कश आवाज होई की त्याची सर्वत्र थट्टा झाली, विक्री घटली आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये बहुतेक प्रकारांसाठी ते मागे घेण्यात आले. कॅनडात मात्र ते चालू राहिले. एकाच वस्तूला शेजारच्या दोन देशांत मिळालेली ही भिन्न वागणूक पाहता, पर्यावरणविषयक आस्था ही ग्राहकाची स्थायी वृत्ती मानणे कठीण होते. कान, हात आणि सवय यांच्याशी तिची सतत वाटाघाट चालू असते.

४.

रिकाम्या पाकिटाचे काय होते, हा प्रश्न भारतात दीर्घकाळ कचरावेचकांवर सोपविला गेला. पुण्यात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायती'च्या नावातच भंगाराची बाजारमूल्ये नोंदलेली आहेत. कागद, काच, पत्रा यांना गिऱ्हाईक आहे. पॉलिप्रॉपिलीन, धातूचा पातळ लेप आणि छपाई यांचे थर एकजीव केलेल्या पाकिटाला भंगारवाल्याकडे जवळजवळ किंमत नाही. म्हणून ते उचलले जात नाही. भारतीय हिमालयाच्या राज्यांत २०१८ पासून झालेल्या स्वच्छता मोहिमांमध्ये खाद्यपदार्थांच्या वेष्टनांचा वाटा ठळकपणे समोर आला, तो याच कारणाने.

कायद्याच्या भाषेतही हे पाकीट निसटत राहिले. २०१६ च्या नियमांनी पुनर्प्रक्रिया न होणारे बहुस्तरीय प्लॅस्टिक दोन वर्षांत बंद करण्याचे ठरविले होते. २०१८ च्या दुरुस्तीने त्या वाक्यात भर घातली : ज्यापासून ऊर्जा मिळू शकत नाही किंवा ज्याचा अन्य उपयोग नाही, असे प्लॅस्टिक. सिमेंटच्या भट्टीत जळू शकणारे पाकीट या शब्दरचनेच्या आडोशाने वाचले. १ जुलै २०२२ पासून लागू झालेल्या देशव्यापी बंदीत मिठाईच्या खोक्यावरील प्लॅस्टिकचे आवरण आले. चिप्सचे पाकीट आले नाही. दरम्यान, वडा-भजी बांधून देणाऱ्या वर्तमानपत्राच्या कागदाबाबत अन्नसुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्येच शाईच्या अपायामुळे सावधगिरीचा इशारा दिला होता. इशारा रास्तच होता. पण त्यामुळे जुन्या पुडीचे स्थान आणखी डळमळीत झाले.

या पार्श्वभूमीवर २०१८ मधील दोन घटना एकत्र वाचण्याजोग्या आहेत. तामिळनाडूतील तूत्तुक्कुडी येथील एका शाळेच्या विद्यार्थिनींनी दोन आठवड्यांत वीस हजारांहून अधिक खाऊची वेष्टने जमविली आणि महापालिकेच्या मदतीने ती उत्पादकांकडे पाठविली. चव आवडते, वेष्टन नको, अशी त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ग्राहकांनी चिप्सची रिकामी पाकिटे टपालाने कंपनीला परत पाठविली. टपालखात्याला ती लिफाफ्यात घालून पाठविण्याची विनंती करावी लागली. डिसेंबरमध्ये तेथे पाकिटे गोळा करण्याची योजना सुरू झाली. दोन्हीकडे छापील पत्त्याचा उपयोग झाला. ग्राहकाच्या माहितीसाठी कायद्याने छापायला लावलेला मजकूर ग्राहकाने उत्तर धाडण्यासाठी वापरला.

५.

या इतिहासात ग्राहकाची प्रतिक्रिया तीन रूपांत दिसते. मापाच्या काळात ती मागणी होती. छापील किमतीच्या काळात ती खपाच्या चढउतारात विरून गेली. आणि रिकामे पाकीट परत पाठविताना तिला पुन्हा वाचा फुटली. किंमत, सोय आणि पर्यावरण यांपैकी ग्राहक कशाला महत्त्व देतो, असा प्रश्न बाजाराचे अभ्यासक विचारतात. त्यापूर्वी, ग्राहकाला बोलण्याची जागा कोठे उरली आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. द्रोणात ती जागा होती, कारण भांडे आणि माप दोघांच्याही समोर होते. ५ रुपयांच्या पाकिटात वजन वेष्टनाच्या कोपऱ्यात गेले आणि वेष्टनाची किंमत तर कोठेच छापली गेली नाही. ती न छापलेली किंमत कोणी मोजायची, हा प्रश्न तूत्तुक्कुडीच्या मुलींनी विचारला. जिथे ते पाकीट पोहोचले आहे अशा प्रत्येक भाषेला त्याचे उत्तर द्यावे लागणार आहे.