बंगळूरची पाच पाने

क्वांटम माहितीशास्त्राचा माग काढताना मी दरवेळी डिसेंबर १९८४च्या बंगळूरपाशी येतो. तिथल्या संगणक परिषदेत चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी गुप्त किल्ली प्रकाशकणांवरून धाडण्याची रीत मांडली. वाटेत कुणी कण मोजू लागले, तर त्यांची अवस्था बिघडते आणि चोरी उघडी पडते. इतिवृत्तात निबंधाला पाच पाने मिळाली.

मूळ कल्पना मात्र स्टीफन वीस्नर यांची. १९७०च्या सुमारास, कोलंबिया विद्यापीठात असताना, त्यांनी नक्कल न होणारी नोट कल्पिली: नोटेत क्वांटम कण कोंडायचे, त्यांच्या अवस्था ठाऊक फक्त बँकेला. निबंध साभार परत आला. (परत करणाऱ्यांना मी फार दोष देत नाही, असे कण कोंडून ठेवणे तेव्हा कुणालाच जमत नव्हते.) तो छापून आला थेट १९८३ साली. तोवर त्याला जिवंत ठेवले मित्र बेनेट यांनी. १९७९मध्ये पोर्तो रिकोच्या समुद्रात पोहताना, ओळखदेख नसलेल्या ब्रासार यांना गाठून त्यांनी या नोटेची गोष्ट सांगितली. बंगळूरच्या निबंधात वीस्नर यांचा ऋणनिर्देश आहे.

वीस्नर पुढे इस्रायलमध्ये बांधकामावर मजुरी करत. २०२१मध्ये ते जेरुसलेमला वारले.