स्तनरचना आणि स्तनपान

मातेच्या स्तनांची रचना आणि बाळाला अंगावर पाजण्यातील यश यांचा परस्परसंबंध हा स्तनपानविषयक अभ्यासाचा एक महत्त्वाचा भाग आहे. स्तनांच्या बाह्य आकारावरून दुधाचे प्रमाण ठरत नाही. स्तनाग्रांच्या ठेवणीमुळे येणाऱ्या बहुतेक अडचणी वेळीच साहाय्य मिळाल्यास दूर होतात.

रचना व कार्य

दूध ग्रंथिल ऊतींतील सूक्ष्म कूपिकांमध्ये तयार होते. स्तनाचा आकार मात्र बराचसा मेदावर अवलंबून असतो. त्यामुळे लहान स्तन असलेल्या मातेलाही पुरेसे दूध येऊ शकते. इंग्लिश शल्यचिकित्सक ॲस्टली कूपर यांनी १८४० मध्ये स्तनरचनेचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ १५ ते २० दुग्धनलिका दाखवल्या जात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील सोनोग्राफी अभ्यासात स्तनाग्राशी सरासरी ९ नलिका आढळल्या.

प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे दूध तयार होते, तर ऑक्सिटोसिनमुळे पान्हा फुटतो. स्तन वारंवार रिकामा झाल्यास निर्मिती वाढते. दूध साचून राहिल्यास ती मंदावते. साठवणक्षमता मातेगणिक वेगळी असते. ती कमी असल्यास बाळाला अधिक वेळा पाजावे लागते, परंतु दिवसभरातील एकूण दूध कमी पडतेच असे नाही.

स्तनाग्रांची ठेवण

स्तनाग्रे उठावदार, सपाट किंवा आत वळलेली असतात. स्तनाग्राभोवतीचा गडद भाग हलकेच दाबल्यावर स्तनाग्र बाहेर न येता आत जात असेल, तर ते आत वळलेले समजतात. बाळ केवळ स्तनाग्र चोखत नाही. त्याभोवतीचा गडद भागही तोंडात घेते. म्हणून स्तनाग्र सपाट असले तरी पकड योग्य असल्यास बाळ दूध पिऊ शकते. बाळंतपणानंतर स्तन दुधाने ताठरल्यास स्तनाग्र तात्पुरते सपाट होते. अशा वेळी हाताने थोडे दूध काढल्यास पकड सुलभ होते.

आत वळलेल्या स्तनाग्रांसाठी कर्नाटकातील दावणगेरे येथील डॉक्टरांनी सिरिंजचा सोपा उपाय १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. सिरिंजचे सुईकडील टोक कापून दट्ट्या त्या बाजूने घालतात आणि गुळगुळीत बाजू स्तनावर ठेवून हलकेच ओढतात. हा उपाय बाळंतपणानंतर, पाजण्यापूर्वी, प्रशिक्षित व्यक्तीकडून शिकून करावयाचा असतो.

प्रत्यक्ष मर्यादा

काही थोड्या स्त्रियांमध्ये ग्रंथिल ऊतींची वाढच अपुरी असते. स्तनांवरील शस्त्रक्रियेत नलिका किंवा चेता छेदल्या गेल्यासही दूध कमी येऊ शकते. अशा वेळी अंशतः स्तनपान शक्य असते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये सुरू झालेली मातृदुग्धपेढी आशियातील पहिली मानली जाते. अशा पेढ्यांतील दूध प्रामुख्याने अपुऱ्या दिवसांच्या व आजारी नवजात बालकांना दिले जाते.

बारामती व इंदापूर परिसरातील संदर्भ

पुणे जिल्ह्यातील या दोन्ही तालुक्यांत रुग्णालयात प्रसूती झालेल्या मातेच्या घरी आशा कार्यकर्तीने ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी भेट देणे शासकीय कार्यक्रमानुसार अपेक्षित असते. पकडीतील दोष, स्तनाग्राच्या भेगा किंवा स्तनांचा ताठरपणा या भेटींत ओळखता येतो. माळेगाव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथील साखर कारखान्यांच्या परिसरात गळीत हंगामात ऊसतोड मजुरांची कुटुंबे स्थलांतरित होऊन येतात. फडात गेलेली माता तान्ह्या बाळापासून अनेक तास दूर राहिल्यास, स्तनरचना निर्दोष असूनही, स्तन रिकामे न झाल्यामुळे दूध आटू लागते.

दूध पुरेसे असल्याची लक्षणे

पहिल्या आठवड्यानंतर बाळाने दिवसाला सहा किंवा अधिक वेळा लघवी करणे आणि साधारण दोन आठवड्यांत जन्मवेळचे वजन परत गाठणे ही विश्वसनीय लक्षणे होत. केवळ स्तन लहान आहेत किंवा मऊ लागतात म्हणून वरचे दूध सुरू केल्यास बाळ कमी चोखते, मातेचे दूध घटते आणि मूळची निराधार शंका खरी ठरते.